भिकार मासेमारी

फोर्दे, १५ जानेवारी २०२३

प्रिय मार्ते,

नाताळात तू दिलेल्या पेनानं लिहिलेलं हे पहिलं पत्र. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला समजावायला लागतेस आणि माझं बोलणं अर्धंच राहतं. पत्रात मला कोणी थांबवत नाही.

तर, ईस्टरपर्यंत. ईस्टर झाला की मी इंटरनेटवरचा तो वंशावळींचा फोरम सोडणार.

हसू नकोस. सहा वर्षं मी तिथे लोकांचे जुने कागद वाचून देते आहे. चर्चच्या नोंदवह्यांतलं ते काटेरी गॉथिक अक्षर आता कोणाला लागत नाही. लोक पणजोबांच्या नोंदीचा फोटो टाकतात आणि विचारतात, काय लिहिलंय? अडतीस वर्षं चर्चच्या कचेरीत काढल्यामुळे मला ते लागतं. रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन बसते आणि दुपारपर्यंत दुसऱ्यांच्या पणज्या शोधते. माझ्यापाशी देण्यासारखं एवढंच आहे, म्हणून देते. फुकट, आणि आनंदानं.

पण बाई गं, माणसं. मागच्या आठवड्यात एकीनं लग्नाच्या नोंदीचा फोटो टाकला. तिच्या घरात चार पिढ्या सांगत आल्या की पणजोबा जहाजाचे कप्तान होते. नोंदीत होतं ‘कप्तानाचा स्वयंपाकी’. मी तसं लिहिलं, तर तिनं संचालकांकडे तक्रार केली की या बाईची भाषा अपमानकारक आहे. दुसरा एक जण उत्तर वाचतो आणि आपला प्रश्नच पुसून टाकतो, म्हणजे मी कधी तिथे नव्हतेच.

आणि ओडमुंड. तो तिकडे समुद्राकाठच्या कुठल्याशा बेटावर राहतो. गेल्या हिवाळ्यापासून स्वतःच्या आजोबांची आई शोधतोय. हा आजोबा तान्हा असताना कुणीतरी बोटीतून बेटावर आणून सोडलेला. माझ्याकडून त्यानं एकसष्ट कागद वाचून घेतले. मी मोजलेत. एकसष्टांपैकी एकाही खाली आभाराचा शब्द नाही. ‘पुढचा’ एवढं लिहितो. कधी ‘जरा लवकर बघा’.

आपण कुठली माणसं, मार्ते? जेवून उठलो की जेवणाचे आभार. नाचून बसलो की नाचाचे आभार. पुन्हा भेटलो की मागच्या भेटीचे आभार. मेल्यावरसुद्धा थडग्याच्या दगडावर ‘सगळ्याबद्दल आभार’ कोरून घेतो. आणि हीच माणसं कीबोर्डसमोर बसली की मुकी होतात.

मी मात्र प्रत्येक उत्तराच्या शेवटी न चुकता ‘भिकार मासेमारी’ लिहिते. तुला आठवत असेल, शनिवारी बाबा होडी घेऊन निघाले की आई दारातून तसं म्हणायची. चांगलं चिंतलं की मासा पळतो, म्हणून उलटं चिंतायचं. आणि बाबा? मागे वळूनही बघायचे नाहीत. एक शब्द नाही. लहानपणी मला त्याचं फार वाईट वाटायचं. आई इतक्या मायेनं म्हणायची आणि हे आपले पाठ करून चालले. ओडमुंडचा ‘पुढचा’ वाचला की मला बाबांची ती पाठ दिसते.

असो. हातानं लिही. टाइप केलेलं पत्र मी वाचत नाही, तुला ठाऊक आहे.

तुझी,
आस्लाउग आत्या


त्रोम्सो, २८ जानेवारी

प्रिय आत्या,

दोन महिन्यांनी सूर्य परत आला. मंगळवारी पंधरा मिनिटं दिसला आणि आम्ही दवाखान्यात सगळ्यांनी गोड पाव खाल्ले. मग दिवसभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगितलं.

कृतघ्नांबद्दल मला सांगू नकोस. मी एकवीस वर्षं लोकांचे दात बघतेय. माझ्याकडून उठतो तो माणूस अर्ध्या तोंडानं बधिर असतो. आभार मानायला गेला तरी लाळ गळते. मी मनातल्या मनात त्याच्या वतीनं म्हणून टाकते. तूही तसंच कर. ओडमुंडचं तोंड बधिर आहे असं समज.

पण फोरम सोडू नकोस. हे मी समजावत नाहीये, विनवतेय. तू चर्चमधून निवृत्त झालीस तो पहिला हिवाळा मला आठवतो. फोन केला की तू म्हणायचीस, काही नाही गं, बसलेय. आता फोन केला की म्हणतेस, थांब, इथे एक विधवा तीन नवऱ्यांसकट सापडलीय. मला ती दुसरी आत्या हवी आहे.

आणखी एक. मी नऊ वर्षांची होते त्या उन्हाळ्यात आईबाबा घर वाटून घेत होते, कपाट तुझं, घड्याळ माझं, आणि मला तुझ्याकडे पाठवून दिलं होतं. तू मला काही विचारलं नाहीस. स्वयंपाकघराच्या टेबलावर एक जुनी वही उघडलीस आणि गॉथिकमध्ये ‘n’ आणि ‘e’ सारखेच दिसतात, ते कसे ओळखायचे, हे शिकवत बसलीस. सहा आठवडे. निघताना मी तुझे आभार मानले होते का? खूप आठवून पाहिलं. मानले नसावेत. म्हणजे तुझ्या यादीत मीही आहे.

पेन आवडलेलं दिसतंय. केवढं मोठं मोठं लिहिलं आहेस, पहिलीतल्या पोरीसारखं. एका पानावर नऊ ओळी. रागानं की आनंदानं?

तुझी,
मार्ते


फोर्दे, १० फेब्रुवारी

प्रिय मार्ते,

पेन जाड आहे, म्हणून अक्षर मोठं. दुसरं काही नाही.

गंमत सांगते. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात फोरमवर टोर्गेइर नावाचा कोणी माणूस उगवला. त्यानं माझ्यासाठी वेगळा धागाच काढला. मी त्याच्या खापरपणजीचं पत्र वाचून दिलं म्हणे, आणि त्याच्या आयुष्यातली पोकळी भरली. पोकळी हा शब्द त्यानं तीनदा वापरला. इतरांनाही चार शब्द सुनावले, की ही बाई आपल्यासाठी झिजते आणि तुम्ही निगरगट्ट आहात. ओडमुंडला तर नाव घेऊन झापलं.

सुरुवात कशी केली होती ठाऊक आहे? ‘मागच्या भेटीबद्दल आभार, आस्लाउगबाई.’

मी या टोर्गेइरला जन्मात भेटलेले नाही. न भेटलेल्या माणसाला मागच्या भेटीचे आभार कोणी म्हणत नाही. जो नाताळात माझ्या घरी आठ दिवस राहून, सगळं तपकिरी चीज संपवून गेला असेल, त्याच्याच बोटांतून ते सवयीनं निसटतं. तुला तो टोर्गेइर कुठे भेटलाच तर सांग, म्हणावं, पोकळी दातात असते.

आता खरं ते लिहिते. ओडमुंडनं बासष्टावा कागद टाकला. एका वहीतली नोंद, एका तान्ह्या मुलाची, समासात तिरका शेरा. मी वाचून दिलं, हे मूल आठव्या दिवशी वारलं. ‘बाप्तिस्मा झाला’ आणि ‘वारला’ या आपल्या दोन शब्दांत शेवटी काय ते एकदोन अक्षरांचं अंतर, आणि मी ते चुकले. दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, ‘हे माझे आजोबा आहेत. आठव्या दिवशी वारले असतील तर मी कोण? डोळे तपासा.’

सगळ्यांसमोर, मार्ते. तो पहिल्यांदा एका ओळीहून जास्त लिहीत होता आणि ते हे. मी भिंग घेऊन खिडकीशी गेले आणि पुन्हा वाचलं. बाप्तिस्मा झाला होता, घरीच, घाईनं. बाप्तिस्मा म्हणजे आईचं नाव असणार, म्हणून खाली शोधलं. होतं. सिन्नोवे, मोलकरीण, आणि गावाचं नाव. वर्षभर तो जे शोधत होता ते माझ्या हाताखाली होतं, आणि मी जिवंत मुलाला मेलेलं ठरवून पान उलटलं होतं. मी सगळं लिहून पाठवलं, चूक कबूल केली, खाली ‘भिकार मासेमारी’ लिहिलं. पलीकडून काही नाही.

आता प्रश्न कृतघ्नांचा राहिला नाही. मला जे एक येत होतं तेच येईनासं झालं असेल, तर ईस्टरची तरी वाट कशाला बघायची?

तुझी,
आस्लाउग आत्या


त्रोम्सो, २० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

टोर्गेइर मान खाली घालून उभा आहे. मला वाटलं होतं की तुला थोडं बरं वाटेल. दोन संध्याकाळी खपून त्याला मी बायको आणि दोन कुत्री दिली होती, आणि पहिल्याच वाक्यात माती खाल्ली. ‘मागच्या भेटीबद्दल’ कधी लिहिलं ते मला कळलंसुद्धा नाही. तू समोर असलीस की ते येतंच.

ओडमुंडला मी (म्हणजे त्यानं) झापलं त्यावर त्याचं उत्तर आलंय, ते तू पाहिलंस की नाही कोण जाणे. तो म्हणतो, ‘मासेमारीतलं कळत नसेल तर गप्प बस.’ याचा अर्थ काय ते मला कळलं नाही. बेटावरची माणसं जरा तिरपागडीच असतात.

पण आत्या, मी तुझी तिन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आहेत. वर्षभरापूर्वीचं आभाराचं कार्ड, जानेवारीतलं आणि आताचं. कार्डावर अक्षर मुंगीएवढं आहे, नेहमीचं. जानेवारीत नऊ ओळींचं पान. आता सहा ओळींचं. आणि शेवटच्या पानावर तू ओळीवरून उतरून खाली गेली आहेस, तुला ते दिसलंच नाहीये. पेनाचा काही दोष नाही. मी तेच पेन स्वतःसाठीही घेतलंय, हे बघ, त्यानंच लिहितेय.

वाचायला शिकवणारी तूच. मग मी हे वाचणार नाही असं कसं वाटलं तुला?

ओडमुंड उद्धट आहे. पण तो म्हणाला ते कर. डोळे दाखव. मी येऊ का सोबत?

तुझी,
मार्ते


फोर्दे, ४ मार्च

मार्ते,

येऊ नकोस. मी ठणठणीत आहे. शेजारच्या पेतराबरोबर तिच्या डोंगरावरच्या लाकडी घरात दोन आठवडे जाते आहे. तिथे फोन लागत नाही आणि कॉम्प्युटर मी नेणार नाही. मन शांत झालं की फोरमचं काय ते ठरवीन.

काळजी करू नकोस.

आत्या


त्रोम्सो, २२ मार्च

आत्या,

काल फोनवर मी ओरडले. आज ओरडत नाही, लिहिते. जे झालं ते तुला माझ्या बाजूनं कळायला हवं.

काल दुपारी माझ्या खुर्चीत एक शिक्षक तोंड उघडून पडले होते. भूल चढायची वाट बघता बघता मी फोन उघडला आणि तुझा फोरम पाहिला. ओडमुंडनं लिहिलं होतं. पहिल्यांदा तुझं नाव घेऊन.

‘सगळ्याबद्दल आभार, आस्लाउग.’

त्याखाली एकशे नव्वद उत्तरं. आधी कुणीतरी लिहिलं, ‘अरेरे, कधी?’ मग दुसरी म्हणाली, खरंच, दोन आठवडे त्यांचा एक शब्द नाही. मग ओघच. ‘त्यांनी माझ्या आजीचं मृत्युपत्र वाचून दिलं होतं, मी कधी बोललोच नाही.’ ‘२०१९मध्ये मी त्यांच्याशी भांडले, त्यांचंच बरोबर होतं.’ ती कप्तानाच्या स्वयंपाक्याची पणती, तीसुद्धा रडली. म्हणे, आता घरात त्या स्वयंपाक्याचा फोटो लावलाय. कुणी मेणबत्त्यांची चित्रं, कुणी जुन्या अक्षरातलं प्रार्थनेचं पान. थडग्यावरचे शब्द एका माणसानं लिहिले आणि सगळ्या देशाला तू गेलीस हे पटलं. मलाही.

मला पटलं, आत्या. मी तुला सात फोन केले. बंद. त्या शिक्षकांचं तोंड उघडंच ठेवून मी बाहेर गेले आणि पेतराच्या घरी फोन लावला. पेतरा म्हणाली, ‘कोण, आस्लाउग? इथेच बसलीय. वॉफल खातेय. डोळ्यांवर काळा चष्मा असल्यानं जॅम कुठे चाललाय ते दिसत नाही तिला.’

डोंगरावर काय, पलीकडच्या दारी! मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि मला सांगायचं नाही. ‘तू घाबरशील म्हणून’ हे कारण मी मान्य करत नाही. मी घाबरलेच, आणि वर तुझं थडगंही पाहून आले.

शिक्षकांना मी नंतर सगळं सांगितलं. ते बिचारे बधिर तोंडानं म्हणाले, ‘अभिनंदन.’

आता तू मला सगळं नीट लिही. डॉक्टर काय म्हणाले. आणि तू जिवंत आहेस हे त्या लोकांना कोण सांगणार? मी टोर्गेइरकडून सांगू शकते, पण त्याच्यावर आता कोणाचा विश्वास उरला नाही.

आणि ईस्टर अडीच आठवड्यांवर आलाय. सोडणार आहेस का?

तुझी (अजून रागावलेली),
मार्ते


फोर्दे, ३० मार्च

प्रिय मार्ते,

अक्षर बघ. मोज ओळी. चोवीस.

नाही सांगितलं, चुकलं माझं. डॉक्टरांनी पहिल्यांदा तपासलं तेव्हा म्हणाले, इतके दिवस तुम्ही कसं काय वाचत होतात? मी म्हटलं, अंदाजानं. घरी येऊन रडले. मला वाटलं होतं दोष डोक्यात आहे. डोळ्यातच आहे आणि काढता येतो म्हटल्यावर सुटकेनंच रडू आलं, आणि ते तुला फोनवर सांगताना पुन्हा रडले असते. कोणाची तरी वेळ रिकामी झाली आणि मला लगेच बोलावलं. उजवा झाला. डावा मेमध्ये.

आता मंगळवारचं ऐक. तू फोनवर ओरडलीस त्याच दिवशी, तुझा फोन यायच्या तासभर आधी. मी झाडांना पाणी घालायला घरी आले होते, डोळ्यांवर दवाखान्यातला तो काळा चष्मा. बेल वाजली. दारात एक उंच म्हातारा, अंगात काळा सूट, हातात बर्फाची पेटी. मला वाटलं घर चुकला.

“कोण गेलं?” मी विचारलं.

“आस्लाउग हेल्लेस्नेस,” तो म्हणाला. “अंत्यविधी कधी आहे?”

“अजून ठरलेलं नाही.”

त्यानं मान हलवली. मग जरा निरखून बघितलं. “तुम्ही बहीण का?”

“मीच ती.”

त्यानं हातातल्या पेटीकडे बघितलं. बर्फ वितळून पायरीवर थेंब पडत होते. शेवटी म्हणाला, “मग हे कॉड मासे आत ठेवा. रात्रीच्या जेवणापर्यंत चांगले आहेत.”

हा ओडमुंड. फेरीबोटीनं आणि मग चार तास गाडी चालवून आला होता. त्यानं ते शब्द लिहिले तेव्हा मी मेले असं त्याला मुळीच वाटलं नव्हतं. मी शोधून दिलेल्या गावच्या दफनभूमीत तो जाऊन आला होता. सिन्नोवेचा दगड सापडला, झुडपाखाली, आडवा. त्यानं तो उभा केला. शोध संपला. त्रेसष्ट उत्तरांचे एकेक आभार कुठे मानत बसायचे, म्हणून सगळ्यांचे एकदम मानले. मग लोकांच्या मेणबत्त्या बघून त्यालाच वाटलं की बाई खरंच गेली आणि आपल्याला उशीर झाला. म्हणून सूट.

कॉफी ओतली आणि मी सरळच विचारलं. वर्षभर तुमच्या तोंडून एक शब्द का निघाला नाही?

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच वेडी.

“दर वेळी खाली तुम्ही काय लिहायचात?”

“भिकार मासेमारी.”

“त्यावर आभार मानायचे?” तो म्हणाला. “बोटीवर कोणी असं केलं तर त्याला किनाऱ्यावर उतरवतील. त्या शुभेच्छेचे आभार मानले की मासा गेला. जाळं वर येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं. तुम्ही त्रेसष्ट वेळा दिलीत, मी त्रेसष्ट वेळा सांभाळली.”

मार्ते, हे नीट वाच.

मला एकाहत्तर वर्षं पुरी झाली आणि त्या चालीचा अर्धाच भाग ठाऊक होता. मी कधी होडीत बसले नाही. दारातून म्हणायचं ते मला माहीत होतं, ते ऐकणाऱ्यानं काय करायचं ते नव्हतं. बाबा वळायचे नाहीत, बोलायचे नाहीत, पाठ करून चालू लागायचे. आईचे शब्द ते जपून नेत होते. सांडू नयेत म्हणून. आणि आईला हे ठाऊक असणार, कारण ती दारात उभी राहून हसायची, ते मला आता आठवतंय. इतकी वर्षं मी तिच्या वतीनं रुसून बसले होते.

ओडमुंडला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की, तुम्ही ‘डोळे तपासा’ लिहिलंत म्हणून मी तपासले, त्याचे आभार मानायचे राहिलेत.

“आता मानू नका,” तो म्हणाला. “दुसरा डोळा बाकी आहे.”

जाताना पेटी परत मागून घेतली.

फोरमला मीच कळवलं. दोनशे माणसं रडत होती त्यात एकीनं ते प्रार्थनेचं पान टाकलं होतं, आणि खाली वाचनही दिलं होतं, ‘विसावा, विसावा’. नव्या डोळ्यानं बघितलं आणि मला राहवेना. लिहिलं, ‘तिसऱ्या ओळीत विसावा नाही, गहू आहे. ही प्रार्थना नाही, कोठाराची यादी आहे. शिवाय मी मेलेली नाही. आस्लाउग.’  तीन मिनिटांत एकानं विचारलं, आल्याच आहात तर माझ्या पणज्याचं जरा बघता का?

बघितलं. सकाळपासून अकरा झाले. त्यातल्या दोघांनी आभार मानले, नऊ जणांनी नाही. त्या नऊ जणांपैकी मासेमारी किती करतात कोणाला माहीत. मी आता विचारत नाही.

तू नऊ वर्षांची असताना निघताना आभार मानले नव्हतेस म्हणून लिहिलं होतंस. मला आठवतंय. तू गाडीत बसलीस आणि मागे वळूनही पाहिलं नाहीस. बरं केलंस. त्या उन्हाळ्यात मी तुला जे चिंतलं होतं ते सांडायला नको होतं.

तुझी,
आस्लाउग आत्या


त्रोम्सो, १६ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पुढच्या पेशंटनं विचारलं, डॉक्टर, तुम्हालाच दुखतंय का?

टोर्गेइरचं खातं बंद केलं. जाताना त्याला कुत्र्यांचं फार वाईट वाटलं.

मेमध्ये मी येते आहे, तिकीट काढलंय, त्यामुळे डोंगरावर जायचं सोंग करू नकोस. तोवर काय चिंतायचं ते मला आता ठाऊक आहे.

डाव्या डोळ्याला, भिकार मासेमारी.

तुझी,
मार्ते


फोर्दे, २५ एप्रिल

प्रिय मार्ते,

ईस्टर कधी आला नि गेला ते कळलंच नाही. त्या आठवड्यात हालांडमधल्या एका कुटुंबाचे चार भाऊ एकाच नावाचे निघाले. त्यांना वेगळं करता करता मटण करपलं.

काल ओडमुंडचा नवा प्रश्न आला. सुरुवात, ‘मागच्या भेटीबद्दल आभार.’ अगदी बरोबर, भेट झाली होती ना. मग लिहिलंय की, आता बायकोकडचे राहिलेत, तिच्या पणज्याचा काही पत्ता लागत नाही, कागद जोडला आहे, जरा लवकर बघा. मी बघितलं. भलतंच वाईट अक्षर, पण लागलं. वाचून दिलं आणि खाली नेहमीचं लिहिलं.

आज सकाळपासून चार वेळा उघडून पाहिलं. त्याचं काही उत्तर नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तपकिरी चीज दोन आणून ठेवते. पेतरा न्यायला येईल तुला विमानतळावर.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल मी एक अक्षरही लिहीत नाही.

तुझी,
आस्लाउग आत्या